डिकीत १२ व्होल्टचं जादा सॉकेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोर बाय फोर घेऊन मुक्कामी भटकणाऱ्यांकडे फ्रीज, लॅपटॉप, कॅमेऱ्याच्या आणि ड्रोनच्या बॅटऱ्या असं काही ना काही जमा होतंच. हे सगळं सामान बसतं डिकीत आणि वीज असते डॅशबोर्डला. म्हणून बॅटरीपासून वेगळी वायर ओढून डिकीत सॉकेट बसवायचं. खालची उत्तरं थार, स्कॉर्पिओ, जिम्नी, गुरखा या लॅडर फ्रेमवरच्या (वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या), १२ व्होल्टच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. बोलेरो किंवा जुनी सुमो असली तरी हिशेब तोच. इलेक्ट्रिक आणि हायब्रीड गाड्यांना मात्र यातलं काही जसंच्या तसं लावू नका.

डॅशबोर्डला सॉकेट आहेच की. एक्स्टेन्शन टाकून मागे नेलं तर?

मोबाइल, टॉर्च चार्ज करायला खुशाल न्या. फ्रीजसाठी नको. कंपनीच्या सॉकेटच्या झाकणावर बहुधा १२० वॅट लिहिलेलं असतं, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. त्याचा फ्यूज १० किंवा १५ चा आणि वायरही त्याच बेताची. त्यात तीन मीटर बारीक वायरचं एक्स्टेन्शन आणि आणखी एक प्लग.

सिगरेट लायटरच्या प्लगला धरून ठेवणारं असं काही नसतंच. टोकाला एक स्प्रिंग आणि बाजूला पत्र्याचे दोन कान, एवढ्यावर तो उभा असतो. घाटातल्या खड्ड्यांत तो हळूहळू बाहेर सरकतो, कॉन्टॅक्ट ढिला होतो, ढिला कॉन्टॅक्ट तापतो आणि प्लास्टिक मऊ पडतं. वापरात असलेला एखादा प्लग काढून त्याच्या टोकाभोवतीची कडा बघा. ती तपकिरी झाली असेल किंवा वाकडी झाली असेल, तर तिथे बरेच दिवस भाजणं चाललं आहे.

डिकीत कंपनीचं सॉकेट आधीच असेल तर?

आधी मॅन्युअलमध्ये त्याचा फ्यूज किती अँपिअरचा आहे ते बघा. छोट्या फ्रीजला ते कदाचित पुरेल. इंजिन बंद असताना चालतं का, हेही पाहून घ्या. आणि १५ चा फ्यूज उडतो म्हणून तिथे २० चा घालू नका, मागची वायर तीच राहते.

घरी अ‍ॅडॉप्टरवर फ्रीज मस्त चालतो, गाडीत मागे लावला की मध्येच बंद पडतो. फ्रीज खराब आहे का?

बहुतेक वेळा फ्रीज ठणठणीत असतो आणि वायर बारीक असते. विहिरीवरच्या मोटरला मीटरपेटीपासून लांबून बारीक केबल ओढली की मोटर गुरगुरते, उचलत नाही, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे निदान २३० व्होल्ट असतात, त्यातले पाच गेले तर कळतही नाही. इथे मुळात बारा. त्यातला एक गेला तरी खेळ संपला.

हिशेब सोपा आहे. १ स्क्वेअर एमएम तांब्याच्या एक मीटर तारेचा रेझिस्टन्स साधारण ०.०१७५ ओहम. बॅटरीपासून डिकीपर्यंत वळणं धरून पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. सुमारे ४० लिटरच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना ४ ते ५ अँपिअर घेतो, शेजारी लॅपटॉप लावला की आणखी ५-६. म्हणून १० अँपिअर धरू. १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत जवळपास १.२ व्होल्ट वाटेतच जातात. २.५ मध्ये ०.७, ४ मध्ये ०.४४, ६ मध्ये ०.२९ आणि १० मध्ये ०.१८ च्या आसपास.

आता इंजिन बंद आहे आणि बॅटरीवर १२.४ व्होल्ट आहेत असं समजा. १.५ च्या वायरीतून फ्रीजपर्यंत पोहोचले ११.२. बॅटरी अजून पाऊण भरलेली आहे, पण फ्रीजला वाटतं ती संपत आली, आणि बॅटरी वाचवण्यासाठी तो स्वतःला बंद करतो. कॉम्प्रेसर थांबला की प्रवाह थांबतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, फ्रीज पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. रात्रभर हाच उद्योग. सकाळी दूध नासलेलं असतं आणि शिव्या फ्रीजच्या कंपनीला बसतात.

यावर सर्रास केला जाणारा उपाय जास्त घातक आहे. फ्रीजमधलं बॅटरी-संरक्षणाचं सेटिंग ‘हाय’वरून ‘लो’वर आणायचं. फ्रीज चालू राहतो हे खरं, पण पुढे कधी वायर बदलली आणि सेटिंग तसंच राहिलं, तर तो बॅटरी पार तळापर्यंत पिऊन टाकतो. ऑटोमॅटिक गाडीला धक्का स्टार्टही नसतो.

मग वायर कुठली घ्यायची?

६ स्क्वेअर एमएम, शुद्ध तांब्याची, बारीक पदरांची, गाडीसाठी बनवलेली. एका फ्रीजपुरतंच काम असेल तर ४ चालेल, पण वायर ओढायची मेहनत तेवढीच पडते, मग हात आखडता कशाला? मागे दुसरी बॅटरी येणार असेल तर सरळ १० किंवा १६.

दुकानात दोन घोटाळे होतात. एक मापाचा. काही आयात वायरींवर लिहिलेले मिलिमीटर म्हणजे वरच्या प्लास्टिकसकट बाहेरचा व्यास असतो, आत तांबं बरंच कमी. ‘स्क्वेअर एमएम किती?’ असंच विचारायचं. अमेरिकन गेजमध्ये (एडब्ल्यूजी) सांगितलं तर ८ गेज म्हणजे साधारण ८.४ आणि १० गेज म्हणजे ५.३ स्क्वेअर एमएम. आकडा वाढला की वायर बारीक. दुसरा घोटाळा अ‍ॅम्प्लिफायरच्या किटमधल्या जाडजूड, चकचकीत, स्वस्त वायरीचा. ती पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असते. रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपट, आणि थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाला चेपायच्या धातूच्या जोडटोकात) दाबल्यावर काही महिन्यांत ढिली पडते. एक पदर ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत ठेवा.

घरगुती वायरिंगची चांगल्या कंपनीची फ्लेक्सिबल वायर चालते का, असंही विचारतात. तांबं आणि माप याबाबत ती प्रामाणिक असते, पण तिचं इन्सुलेशन भिंतीतल्या पाइपसाठी केलेलं असतं. केबिनच्या आत मी हरकत घेणार नाही. बॉनेटखाली, जिथे डिझेल, ऑइल आणि इंजिनची धग आहे, तिथे गाडीचीच वायर हवी. पुण्यात तापकीर गल्लीत घरगुती वायर पावलोपावली मिळते. गाडीच्या वायरीसाठी नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं धुंडाळा.

फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे?

बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात. यात तडजोड नाही. बाकी सगळं चुकलं तर फ्रीज बंद पडेल. हे चुकलं तर गाडी जळेल.

पुष्कळ जण फ्यूज सॉकेटजवळ घालतात. त्याने फ्रीज वाचतो, पण बॅटरीपासून सॉकेटपर्यंतची पाच मीटर वायर उघडी पडते. सीटच्या रेलने ती सोलली गेली, पत्र्याच्या धारेने कापली गेली किंवा अपघातात चेमटली, तर स्टार्टर फिरवणारी बॅटरी त्या शॉर्टमधून शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल व्हायला काही सेकंद पुरतात आणि मध्ये अडवणारं कोणी नसतं. फ्यूज वायरीसाठी असतो, उपकरणासाठी नाही. म्हणून त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. ६ स्क्वेअर एमएमला ३० अँपिअर, ४ ला २०.

मागे पोहोचल्यावर छोटा फ्यूज बॉक्स बसवा आणि प्रत्येक सॉकेटला वेगळा फ्यूज द्या. १२ व्होल्टच्या सॉकेटला १५, यूएसबीला ५ किंवा ७.५. ब्लेड फ्यूजचे रंग पाठ असले की अंधारातही टॉर्चच्या उजेडात काम होतं: ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. दोन-दोन जादा त्याच बॉक्सच्या झाकणात चिकटपट्टीने लावून ठेवा.

सॉकेट कुठल्या प्रकारचं?

फ्रीजसाठी सिगरेट लायटरचं नको, कारण वर सांगितलंच. त्यापेक्षा लहान तोंडाचं, घट्ट बसणारं आयएसओ ४१६५ जातीचं सॉकेट मिळतं. पुष्कळजण त्याला हेला सॉकेट म्हणतात. फ्रीजसोबत येणाऱ्या केबलला पुष्कळदा दोन्हीकडे चालणारा प्लग असतो, वरची लाल टोपी फिरवून काढली की आतून बारीक प्लग निघतो. जड कामाला ५० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर. तो ओढल्याशिवाय सुटत नाही. यूएसबी-सी घेताना किती वॅट ते बघा. ६० वॅटच्या वर असेल तर बहुतेक लॅपटॉप थेट चालतात आणि इन्व्हर्टरची कटकट जाते.

माझी निवड विचाराल तर एक अँडरसन, एक आयएसओ, एक यूएसबी-सी. सिगरेट लायटरचं एकही नाही.

चावी काढल्यावर सॉकेट बंद व्हावं की चालू राहावं?

फ्रीजचं कायम चालू, बाकीची चावीवर. चावीवर चालवायची असतील तर मुख्य वायर इग्निशन स्विचमधून नेऊ नका, रिले (बारीक वायरीच्या इशाऱ्यावर जाड वायर जोडणारा स्विच) घाला. साध्या चार पिनी रिलेत ३० नंबरच्या पिनवर मागच्या फ्यूज बॉक्सचा पॉझिटिव्ह, ८७ वरून सॉकेटकडे, ८५ ला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट) आणि ८६ ला चावीवर जिवंत होणारी बारीक वायर. ही बारीक वायर पुढच्या फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून एक जादा वायर काढून देणारा तुकडा) लावून घ्यायची. कंपनीचं हार्नेस (मूळ वायरींचा जुडगा) सोलायची गरज पडत नाही.

टॅपसाठी फ्यूज निवडताना एअरबॅग, एबीएस आणि इंजिन ईसीयूचे (इंजिनच्या संगणकाचे) सोडून द्या. वायपर किंवा डॅशबोर्डच्या सॉकेटचा घ्या.

अर्थ मागेच बॉडीला दिला तर चालेल?

चालतो, पण मोजून. लॅडर फ्रेमच्या गाडीत बॉडी रबरावर बसलेली असते. बॉडी, चासी आणि बॅटरी यांना जोडतात त्या फक्त दोन-चार अर्थ पट्ट्या. पट्टी गंजली की सगळा परतीचा रस्ता तिथे अडतो. कोकणात समुद्राकाठी राहणाऱ्यांच्या गाड्यांत हे हमखास. म्हणून मी परतीची वायरही पुढून ओढतो, पॉझिटिव्हच्याच जाडीची.

मागेच द्यायचा असेल तर सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. पत्र्याच्या जाड भागावर वेगळा एम ६ किंवा एम ८ बोल्ट घ्या, थिंबल बसेल तेवढा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरवा. मग मल्टिमीटरची एक टोचणी या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि मागे १० अँपिअरचा लोड चालू. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा आहे.

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. निगेटिव्ह टर्मिनलच्या क्लॅम्पवरच एक छोटी डबी दिसते, तिला बारीक वायरींचा कनेक्टर जोडलेला असतो. तो बॅटरी सेन्सर. बॅटरीतून किती वीज आली-गेली याची नोंद तो ठेवतो. तुम्ही अर्थ थेट बॅटरीच्या खांबावर दिलात तर तुमचा फ्रीज त्याच्या हिशेबात येतच नाही, आणि गाडीचं चार्जिंग आणि स्टार्ट-स्टॉप चुकायला लागतं. अर्थ सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या बोल्टवर द्या.

वायर कुठून न्यायची?

केबिनमधून. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला) आधीच एक मोठं रबरी ग्रोमेट असतं, त्याला टोचून वायर आत घ्यायची, दरवाजाच्या उंबऱ्यावरची प्लास्टिक पट्टी उचलून तिच्याखालून मागे आणायची आणि चाकाच्या कमानीवरून डिकीच्या बाजूच्या ट्रिममध्ये. नवं भोक पाडावंच लागलं तर कडेला रंग लावा आणि ग्रोमेट घाला. उघड्या पत्र्याची धार वायर कापते, लगेच नाही, दोन पावसाळ्यांनी.

उंबऱ्याखाली पिवळ्या कनेक्टरच्या किंवा पिवळ्या स्लीव्हमधल्या वायरी दिसल्या की हात मागे. त्या एअरबॅगच्या आणि सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेच्या. त्यांच्या गुंडाळीत आपली वायर बांधायची नाही आणि टेस्ट लॅम्पने तिथे टोचून बघायचं तर अजिबात नाही.

चासीखालून नेणं सोपं वाटतं, वेळही वाचतो, पण चिखल, सायलेन्सरची धग आणि दगड यांचा तो रस्ता आहे. थारची पाण्यातून जायची क्षमता कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, म्हणजे तेवढ्या पाण्यात तुमचा चासीवरचा प्रत्येक जॉइंट बुडालेला असतो. थारच्या फरशीला धुवायला बूच आहेत, त्यामुळे आतूनही वायर फरशीवर मोकळी टाकू नका, जॉइंट तर सीटच्या उंचीच्या खाली ठेवूच नका. सॉकेटही मागच्या दारात नको. दार रोज उघडतं-मिटतं आणि बिजागरीपाशी वायर तुटते.

आणि उंदीर. पार्किंगमध्ये उंदीर नाहीत असं सांगणाऱ्याचं बॉनेट उघडून बघावं. वायरीवर नालीदार पाइप चढवला की घासणं थांबतं, उंदीर थांबतोच असं नाही. पण तो कुरतडेल तेव्हा बॅटरीजवळचा फ्यूज जागेवर असला म्हणजे झालं.

रात्रभर फ्रीज चालवला तर सकाळी गाडी सुरू होईल?

चांगल्या बॅटरीवर, थंड रात्री, हो. बॅटरी ७० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे अँपिअर गुणिले तास) धरा. स्टार्टरची बॅटरी खोलवर उतरवायची नसते, तेव्हा हाताशी फार तर २०-२५ एएच. भंडारदऱ्याला थंडीत फ्रीज सरासरी दीड ते दोन अँपिअर घेईल, संध्याकाळी आठ ते सकाळी सात म्हणजे १६ ते २२ एएच. जेमतेम बसतं. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर बसत नाही.

खरी चोर दुपार असते. मे महिन्यात गुहागरला गाडी उन्हात उभी करून तुम्ही समुद्रावर गेलात की बंद गाडीत कॉम्प्रेसर थांबतच नाही. चार अँपिअरने सहा तास म्हणजे २४ एएच, आणि अजून रात्र व्हायची आहे. सावली, काचेवर पडदा आणि घरून निघतानाच २३० व्होल्टवर गार करून भरलेला फ्रीज, या तिन्हींनी जेवढं साधतं तेवढं महागड्या वायरीनेही साधत नाही.

स्थिर बॅटरीवर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ निम्मी. १२ च्या आसपास आपोआप तोडणारा कट-ऑफ फ्रीजच्या लाइनवर बसवा. फ्रीजच्या स्वतःच्या सेटिंगपेक्षा तो जास्त भरवशाचा.

दुसरी बॅटरी टाकावी का?

दोन रात्रींहून जास्त एका जागी थांबत असाल तरच. जुन्या गाड्यांत साधा व्होल्टेज रिले पुरायचा, १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडणारा, १२.८ ला तोडणारा. काही बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटर हुशार आहे. बॅटरी भरली की तो व्होल्टेज खाली आणतो, रिले सुटतो आणि मागची बॅटरी अर्धीच राहते. तुमच्या गाडीचं कळायला व्होल्टमीटर लावून तासभर हायवेवर चालवा. आकडा १४ च्या आसपास टिकला तर रिले चालेल. खाली-वर नाचला तर डीसी-डीसी चार्जर (येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी मागची बॅटरी नीट भरणारा) लागेल.

लिथियम घेणार असाल तर ती बॉनेटखाली नको, आणि शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. हिवाळ्यात स्पितीला जाणाऱ्यांनी हे बॅटरी घेण्याआधी वाचावं.

बऱ्याच जणांना मी दुसरी बॅटरी नकोच म्हणतो. पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्या, चालत्या गाडीत मागच्या सॉकेटवर ८-१० अँपिअरने भरा, मुक्कामी उचलून तंबूत न्या.

केटल, मिक्सर, इन्व्हर्टर?

१५० वॅटच्या १२ व्होल्ट केटलला अर्धा लिटर पाणी उकळायला हिशेबाने १७-१८ मिनिटं लागतात, प्रत्यक्षात त्याहून जास्त. चहा गॅसवर करा. ५०० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ४५ अँपिअरच्या पुढे मागतो, ते या वायरीचं काम नाही.

टायरमध्ये हवा भरायचा पंप मागे लावू का?

छोटा, १० अँपिअरचा, चालेल. मोठा पंप थेट बॅटरीला चिमट्याने, इंजिन चालू ठेवून.

वॉरंटी, विमा, आरटीओ?

हार्नेस कापलं असेल तर विजेच्या बिघाडाचा दावा सर्व्हिस सेंटर नाकारू शकतं, म्हणून वर सगळीकडे फ्यूज टॅप आणि वेगळी वायर सांगितली. विम्यात, मूळ किमतीत नसलेल्या विजेच्या सामानासाठी आयएमटी २४ हे वेगळं कलम असतं; दोन सॉकेटसाठी कुणी जात नाही, पण फ्रीज-बॅटरी-चार्जर कायमचं बसवलं असेल तर नोंद करून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलात बदल होईल अशा फेरफारांबद्दल आहे. सॉकेटने आरसीवरचं काही बदलत नाही.

हे घरी करू की वायरमनकडे देऊ?

मल्टिमीटर वापरता येत असेल आणि क्रिम्पिंगचं योग्य टूल असेल तर घरी, एक रविवार जातो. थिंबल पक्कडीने चेपायची असेल तर देऊन टाका. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडायचं, मुख्य फ्यूज सगळ्यात शेवटी घालायचा.

वायरमनकडे दिलंत तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी दाखवायला सांगा. बॅटरीजवळचा फ्यूज, बोटाने हलवून. मागे १० अँपिअरचा लोड चालू असताना बॅटरीवरचं आणि सॉकेटवरचं व्होल्टेज, दोन्ही एकापाठोपाठ, फरक ०.४ च्या आत हवा. आणि तोच लोड पंधरा मिनिटं चालल्यावर प्रत्येक जॉइंटला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका नको. निळा दिवा किंवा आकडा दाखवणारं सॉकेट कायम चालूच्या लाइनवर बसवलं असेल तर तेही काढायला लावा, नाहीतर चावीवर घ्या. २० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास अर्धा एएच, आणि परदेशी मुलाकडे दोन महिने राहून आल्यावर गाडी सुरू न होण्याचं कारण पुष्कळदा तो दिवाच निघतो.